जपानी ॲनिमेशन मुलांबरोबर बघताना आपलं तोंड बंद कसं ठेवायचं

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा साडेपाचचा, मुलगी नऊची, शनिवारी रात्री हौसेने 'माय नेबर टोटोरो' लावलात, वीस मिनिटांत मुलगा "यात काहीच होत नाहीये, बोअर आहे" म्हणून उठून गाड्या खेळायला गेला, मुलीने शेवटपर्यंत बघितला पण आवडला का विचारल्यावर नुसतं "हं" म्हणाली, आणि तुम्ही मात्र बसस्टॉपच्या सीनला रडलात आणि ते बायकोने नेमकं बघितलं. आता पुढचा कुठला लावायचा, डब की सबटायटल, घाबरले तर काय करायचं, आणि मला पंचेचाळिसाव्या वर्षी रडू का आलं, असं सगळं एका दमात विचारलंय. मी पण एका दमातच सांगते, जरा लांबेल.

मी आधी बालवाडीत शिकवायचे, आणि गेली चौदा वर्षं पुण्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातले दोन शनिवार मुलांना पिक्चर दाखवते. प्रोजेक्टर, पडदा (पहिली तीन वर्षं पडदा म्हणजे माझी डबलबेडची चादर होती), सतरंज्या, आणि मध्यंतरात चुरमुरे. चार ते बारा वर्षांची पोरं, कधी आठ येतात कधी चाळीस. सगळं दाखवते, पण सगळ्यात जास्त वेळा दाखवलेत ते जपानी, त्यातही जिबली या स्टुडिओचे, टोटोरो त्यांचाच. जपानी लोक त्याला जिबुरी म्हणतात, मूळ शब्द म्हणजे लिबियाच्या वाळवंटातल्या गरम वाऱ्याचं नाव, त्यावरून एका इटालियन विमानाचं नाव, आणि टोटोरोचे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांना विमानांचं वेड, म्हणून 1985 साली स्टुडिओ काढला तेव्हा तेच ठेवलं. आपल्याकडे 2025 च्या मार्चमध्ये सगळ्यांनी आपापले फॅमिली फोटो एआयकडून तसे करून घेतले तेव्हापासून ते 'घिबली' झालंय, असो, चालू द्या.

आधी एक विचारते, राग मानू नका. मुलगा उठायच्या आधीच्या त्या वीस मिनिटांत तुम्ही किती बोललात?

कारण मी पहिली दोन वर्षं अखंड बोलायचे. हातात माईक, आणि "बघा हं, आता ते नवीन घरात आले, बघा त्यांची आई आजारी आहे, आता काय होईल सांगा बरं?" असं चालू. बालवाडीची सवय. पोरं चुळबुळ करायची, एकमेकांना ढोसायची, आणि मला वाटायचं पिक्चरच संथ आहे, याला काय करणार. मग एका शनिवारी एका पोराला चुरमुरे बाधले आणि तो सतरंजीवरच ओकला. त्याला धुणं, आईला फोन करणं, सतरंजी बाहेर काढणं, यात माझा चांगला अर्धा तास गेला. परत आले तर हॉल चिडीचूप. सव्वीस पोरं, तोंडं उघडी, पडद्यावर एक चार वर्षांची मुलगी झुडपात शिरून ढुंगण वर करून काहीतरी शोधतेय, आणि पुढे बसलेली आमची एक चिमुरडी नकळत तशीच ओणवी झाली होती. मी माईक टेबलावर ठेवला तो ठेवलाच.

आता "काहीच होत नाही" याबद्दल. मुलगा एका अर्थी बरोबरच बोलतोय. मोठा टोटोरो, म्हणजे रानात राहणारा तो अवाढव्य केसाळ प्राणी, दिसायलाच जवळजवळ अर्धा तास लागतो. तोवर काय होतं तर एक टेंपो घरसामान घेऊन येतो, मागे सामानात दोघी बहिणी बसून गोळ्या खातात, जुन्या घराचा कुजका खांब हलवून बघतात आणि तो खरंच हलतो म्हणून खिदळतात, छतातून एकॉर्न (ओकच्या झाडाची फळं) टपकतात, अंधाऱ्या खोलीतून काळे काजळीचे गोळे पळतात. सात्सुकी दहा वर्षांची, ती जे बोलेल ते चार वर्षांची मेई मागून जसंच्या तसं बोलते, ती धावली की ही धावते. तुमच्या घरात मोठी नऊची आणि धाकटा साडेपाचचा, म्हणजे हा पिक्चर तुमच्या हॉलमध्ये रोज चालू असतो. धाकट्या भावंडांना हे बघताना एक विशेष हसू येतं, मी पाहिलंय, ते थोरल्यांकडे वळून बघतात.

मियाझाकींनी 2002 साली रॉजर एबर्ट या अमेरिकन समीक्षकाशी बोलताना हे समजावून सांगायला चक्क टाळ्या वाजवून दाखवल्या होत्या. दोन टाळ्यांच्या मधला जो वेळ त्याला जपानीत 'मा' म्हणतात, आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो. गाणं किंवा तबला शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, सगळ्या मात्रा बोलांनी ठासून भरल्या तर ऐकणाऱ्याचा जीव गुदमरतो. या पिक्चरांमध्ये माणसं नुसती बसतात, बूट काढतात, पाण्याकडे बघतात. मुलं त्या जागेत काय करतात? स्वतःचं काहीतरी आणून ठेवतात. आणि नेमकं तिथेच आपण मोठी माणसं "अरे बघ बघ किती छान ढग" असं बोलून ती जागा भरून टाकतो. मुलाच्या डोक्यात तेव्हा कदाचित आजीच्या घरचा माळा चालू असतो, आणि आपण त्याला खेचून ढगांकडे आणतो.

हे फक्त आपणच करतो असं नाही हां, मोठमोठ्या कंपन्यांनी पण केलंय. 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' हा 1989 चा पिक्चर, तेरा वर्षांची चेटकीण वर्षभरासाठी घर सोडून परक्या शहरात राहायला जाते, सोबत जिजी नावाचं काळं मांजर. 1998 साली डिस्नीने त्याचं इंग्रजी डबिंग केलं तेव्हा मूळ पिक्चरमध्ये जिथे जिजी गप्प आहे तिथे त्याला नवीन वाक्यं दिली, शांत जागी जास्तीचं संगीत घातलं. मूळ कथेत किकीची शक्ती जाते तेव्हा तिला जिजीचं बोलणं कळेनासं होतं, आणि उडणं परत आलं तरी ते बोलणं शेवटपर्यंत परत येत नाही, मांजर फक्त म्यांव करतं. त्या डबिंगमध्ये शेवटी जिजीला बोलतं केलं होतं. म्हणजे मोठं होताना एक गोष्ट कायमची सुटून जाते ही जी पिक्चरमधली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात खरी जागा, तीच बुजवली. पुढच्या आवृत्तीत यातली बरीच भर काढून टाकली, पण उदाहरण म्हणून सांगितलं.

यावरून डब की सबटायटल. नऊ वर्षांच्या मुलीला मूळ जपानी आवाज आणि खाली इंग्रजी अक्षरं चालतील, तिला वाचायला जमत असेल तर. साडेपाचचा वाचू शकणार नाही, त्याला इंग्रजी कळत असेल तर इंग्रजी डब लावा, त्यात काही पाप नाही. मी मात्र तिसरंच करते. आवाज जपानी ठेवते आणि मी मराठीत सांगते, पण फक्त बोललं गेलेलं वाक्य, तेही अर्धं. आधी मी म्हटलं बोलू नका आणि आता म्हणते सांगते, तर फरक असा की पात्र बोललं तरच मी बोलायचं, पात्र गप्प तर मी गप्प. बाबा म्हणाले "चला, आज्जीला हाक मारा" एवढंच. भावना सांगायच्या नाहीत, "ती दुःखी झाली" हे तोंडातून काढायचं नाही, ते चेहऱ्यावर काढलेलं असतं, त्यासाठी माणसांनी रात्री जागवल्यात.

हे माझं डोकं नाही. जपानात मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे लोक असायचे, त्यांना बेन्शी म्हणत, आणि त्यांचे चाहते पिक्चरपेक्षा त्यांच्यासाठी यायचे. त्यानंतर 1930 च्या दशकात रस्त्यावर कामिशिबाई जोरात होतं, सायकलवर लाकडी चौकट, त्यात चित्रांचे कागद एकामागून एक सरकवायचे, लाकडी पट्ट्या आपटून पोरं गोळा करायची, आधी गोळ्या विकायच्या आणि मग गोष्ट. टीव्ही आल्यावर ते संपत गेलं. आता हे वाचून तुम्हाला पिंगुळीची चित्रकथी आठवली नाही तर नवल. कुडाळजवळ ठाकर मंडळी हेच करत आलीत, पोथीतलं एकेक चित्र लावायचं आणि रामायणातली गोष्ट गाऊन सांगायची. चित्र स्थिर, सांगणारा थांबला की पोरं चित्रात शिरतात. मी पोरांना दोन्ही करून दाखवलंय, पुठ्ठ्याच्या खोक्याचं कामिशिबाई घरी अर्ध्या तासात होतं, तुमची नऊ वर्षांची एकटी करेल.

आता तुमच्या मुलाच्या "बोअर" बद्दल अजून एक, आणि हे मला कळायला बरीच वर्षं लागली. पाच-सहा वर्षांचं मूल, विशेषतः मुलगे, "बोअर आहे" म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा त्याचा अर्थ "मला भीती वाटतेय" असा असतो. वीसेक मिनिटं म्हणजे साधारण कुठे आलो आपण? अंधारलेलं घर, काळे गोळे, मग रात्रीचा सोसाट्याचा वारा, घर करकरतंय, आणि आई घरात नाही. बघा, बसतंय का. तो गाड्या खेळायला गेला तो दुसऱ्या खोलीत गेला की तिथेच सोफ्यामागे? सोफ्यामागे असेल तर तो बघत होता. त्याला "ये ना, घाबरतोस काय" असं म्हणू नका, जाऊ द्या आणि आवाज थोडा कमी करा. पिक्चरमधल्या बाबांनी काय केलंय तेच बघा, तिघं आंघोळीच्या टबात बसलेत, वाऱ्याने घर हादरतंय, पोरी दचकल्यात, आणि बाबा एकदम मोठमोठ्याने हसायला लागतात, खोटं खोटं, राक्षसासारखं, मग पोरी पण हसतात आणि घरातले काळे गोळे मुकाट बाहेर पडतात. (बाबा आणि मुली एकत्र आंघोळ करतात यावर आमच्याकडे एक-दोन आया अवघडल्या होत्या, जपानात घरच्या घरी ते रोजचं आहे, मुलं त्यावर काही विचारत नाहीत, आपणही स्पष्टीकरण द्यायला धावू नये.)

या बाबांकडून मी जेवढं शिकले तेवढं बीएडमध्ये नाही शिकले. तो कागदपत्रांत डोकं घालून काम करतोय, मेई येऊन त्याच्या टेबलावर एकेक फूल ठेवते आणि म्हणते बाबा आता तुम्ही फूलवाले, तो "हो" म्हणतो आणि काम करत राहतो. नंतर ती सांगते मी टोटोरोला भेटले, आणि दाखवायला जाते तर वाट सापडत नाही, थोरली बहीण हसते, मेई रडकुंडीला येते की मी खोटं बोलत नाहीये. आपण काय म्हणालो असतो? "हो गं बाळा, खरंच?" अशा त्या गोड खोट्या आवाजात. तो म्हणतो तू खोटं बोलत नाहीस, तुला या रानाचा राखणदार भेटला असेल, आणि ते नेहमी भेटत नाहीत. मग तिघं मोठ्या कापराच्या झाडापाशी जातात, आणि तो झाडाला वाकून नमस्कार करतो, आमच्याकडे लक्ष असू द्या म्हणून. झाडाला दोर बांधलेला आहे तो जपानच्या शिंतो धर्माच्या पद्धतीचा, पवित्र जागेची खूण. वडाला सूत गुंडाळलेलं बघत वाढलेल्या आपल्या पोरांना त्याचं काही वाटत नाही, एकाने तर "वटपौर्णिमा झाली वाटतं" म्हणून मला गार केलं होतं. आणि कोकणात किंवा मावळात ज्यांनी देवराई पाहिलीये त्यांना तर वेगळं सांगायलाच नको, तिथली फांदी तोडत नाहीत आणि राखणदार असतो हे आपल्याला शाळेच्या आधीपासून माहीत. टोक्योजवळच्या सायामा टेकड्यांतलं रान डोळ्यासमोर ठेवून हा पिक्चर काढला, पुढे ते घरबांधणीत जायला लागलं तेव्हा लोकांनी वर्गणी काढून 1991 मध्ये त्याचा पहिला तुकडा विकत घेतला, त्याला टोटोरोचं रान म्हणतात. मियाझाकी त्याच भागात राहतात.

वयाचं म्हणाल तर मी पाच-सहाला 'पोन्यो' लावते, 2008 चा. तुमच्या मुलाला टोटोरोच्या आधी खरं तर हाच लावायला हवा होता. यात पहिल्या मिनिटापासून काहीतरी चाललेलं असतं, समुद्र म्हणजे नुसता जिवंत, लाटांना डोळे, माशांच्या पाठीवर धावणारी मुलगी, जवळजवळ 1,70,000 चित्रं हाताने काढलीत यासाठी. पाच वर्षांचा सोसुके आईबाबांना नावाने हाक मारतो, लिसा आणि कोइची, यावर आमच्या हॉलमध्ये हमखास हशा पिकतो आणि मग आठवडाभर घरोघरी आयांना नावाने हाका बसतात. एक जागा सांभाळा, वादळाच्या रात्री लिसा त्याला घरी ठेवून वृद्धाश्रमातल्या लोकांना बघायला जाते, तेव्हा मांडीवर घ्या, बोलू नका, नुसतं घ्या. किकी सहा-सातपासून पुढे. 'स्पिरिटेड अवे' आठच्या आत नको, त्याला 2002 ला बर्लिनच्या चित्रपट महोत्सवाचं गोल्डन बेअर आणि 2003 ला ऑस्कर मिळालं म्हणून लोक उत्साहाने लहानांना लावतात आणि पहिल्या पंधरा मिनिटांत आईबाप खाऊन खाऊन डुकरं झाले की पोरं जी रडतात ती रडतात. तुमच्या नऊ वर्षांच्या मुलीला मात्र उत्तम, तिथली चिहिरो दहाची आहे, मियाझाकींनी तो मित्रांच्या त्या वयाच्या मुलींकडे बघून केला. धाकट्याला त्या दिवशी आजीकडे पाठवा. आणि त्यात पाण्यावरून जाणारी आगगाडी येते, काही मिनिटं कोणी जवळपास बोलतच नाही, तेव्हा मुलीकडे न बघता तिच्या शेजारी बसून राहता आलं तर बघा. 'प्रिन्सेस मोनोनोके' बारा-तेराच्या आत नाही, हात-मुंडकी उडतात.

'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' कधी लावाल याचं उत्तर म्हणजे एवढ्यात नाहीच. तो आणि टोटोरो एकाच दिवशी, 16 एप्रिल 1988 ला, जपानात जोडीने एकाच तिकिटात लागले होते, म्हणून मी अशी समजूत करून घेतली की मोठ्या मुलांना चालेल. 1945 च्या बाँबवर्षावात आई गेलेला चौदा वर्षांचा भाऊ आणि चार वर्षांची बहीण. दहाच्या पुढची अकरा मुलं होती, दिवे लावले तेव्हा एक मुलगी धाकट्या भावाचा शर्ट मुठीत धरून बसली होती, तो शेजारी सतरंजीवर झोपला होता, आणि ती ते सोडेना. रात्री तिच्या आईचा फोन आला. चूक पूर्ण माझी. चांगला पिक्चर आणि आज या मुलांसाठी योग्य पिक्चर हे दोन वेगळे हिशेब आहेत.

हिंदीतलं हवं असेल तर रामायणाचा तो इंडो-जपानी पिक्चर आहे, यूगो साको आणि आपले राम मोहन यांनी केलेला, 1992 चा, आपल्याकडे थेटरात रीतसर यायला 2025 उजाडलं. आणि डोरेमॉनला तुमच्या यादीत तुम्ही नाक मुरडलंय, मुरडू नका. हां, त्या हिंदी डबिंगमुळे मराठी घरातली पोरं भांडताना हिंदीत भांडतात हे खरंय, माझा भाचा तर झोपेत हिंदी बोलायचा.

तुम्ही पंचेचाळीसचे म्हणजे 1993 ला बारा-तेराचे, रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली बघितला असणारच. तो जपानी होता, निप्पॉन ॲनिमेशनचा, 52 भागांचा. हिंदी शीर्षकगीत गुलजारांचं, विशाल भारद्वाजांची चाल, आणि शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. म्हणजे आपण जपानी ॲनिमेशन बघत मोठे झालो आणि आपल्याला पत्ताच नव्हता. तुमच्या अंगात ती चाल, ते रेंगाळणं आधीपासून आहे, तुम्हाला टोटोरो परका वाटला नाही त्यात याचाही वाटा असेल.

पण रडू का आलं ते. माझं सांगते, तुमचं तुम्ही लावून घ्या.

आमचं गाव राजापूर तालुक्यात, फाट्यापासून आत तीन किलोमीटर. बाबा रत्नागिरीला नोकरीला, शनिवारी मुक्कामाच्या गाडीने यायचे. मी सहाची असेन, ताई अकराची. त्या दिवशी बाबांनी छत्री नेली नव्हती म्हणून आम्ही दोघी छत्री घेऊन फाट्यावर गेलो, आज्जी नको म्हणत असताना. गाडी आली नाही. अंधार झाला, पाऊस असा की समोरचं दिसेना, बेडूक ओरडतायत, बॅटरी पिवळी पडत चाललेली. आणि कधीतरी माझ्या लक्षात आलं की आमच्या शेजारी कोणीतरी उभं आहे. मोठं, काळं, डोकं नाही खांदे नाहीत, नुसता एक उंच आकार आणि त्यावरून पाणी गळतंय. मी ताईचा फ्रॉक धरला. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग वळणावर गाडीचे दोन दिवे दिसले, आधी झाडांवर फिरले, मग आमच्यावर, आणि त्या उजेडात दिसलं की तो इरलं घेतलेला माणूस आहे. बाबा उतरले, तो चढला, गाडी पुढच्या गावाला गेली. कोण होता ते कोणालाच माहीत नाही, ताईला तर तो आठवतच नाही.

हे मी पूर्ण विसरले होते. चौतिसाव्या वर्षी लॅपटॉपवर टोटोरो बघितला, दोघी बहिणी पावसात बाबांची वाट बघत उभ्या, एक बेडूक हळूच पुढे येतो, आणि शेजारी डोक्यावर पान घेतलेला तो येऊन उभा राहतो. सात्सुकी छत्रीच्या कडेखालून आधी फक्त त्याचे पाय बघते. मग लांबून दोन दिवे, ते मांजरबसचे डोळे. मला हुंदकाच आला, नवरा धावत आला त्याला वाटलं माहेरचा फोन. मियाझाकींची स्वतःची आई त्यांच्या लहानपणी कित्येक वर्षं क्षयाने अंथरुणाला होती, म्हणजे घरात आई नसणं आणि कोणाची तरी वाट बघणं हे त्यांनी ऐकीव काढलेलं नाही. पण त्यांनी तो बेडूक काढला नसता, छत्रीवर पडणाऱ्या थेंबांचा आवाज इतका वेळ ऐकू दिला नसता, घाईघाईने गोष्ट पुढे नेली असती, तर माझा इरलंवाला काही वर आला नसता. तुमच्याकडेही कुठलातरी स्टँड, कुठलातरी पाऊस असणार, नाहीतर बरोबर त्याच सीनला कशाला?

फक्त मुलांना ते लगेच सांगू नका. "आमच्या लहानपणी ना" हे वाक्य पिक्चर चालू असताना काढलंत की संपलं, त्यांचा पिक्चर थांबतो आणि तुमचा सुरू होतो. बाबा रडताना दिसले याला हरकत नाही, "काय झालं" विचारलं तर "मला काहीतरी आठवलं" एवढं पुरे. पुढे विचारलं तर सांगा. आमच्या मुलीने आठ महिन्यांनी विचारलं होतं, ते पण एसटीत.

तुमच्या मुलीच्या "हं"ची काळजी करू नका, ते चांगलं लक्षण आहे. पिक्चर संपल्याबरोबर जे मूल भराभरा बोलतं ते पुष्कळदा आपल्याला खूश करायला बोलतं. आवडला का, काय शिकलास, कोण चांगलं कोण वाईट, हे प्रश्न मी बंद केलेत. हॉलमध्ये कागद आणि खडू ठेवते, ज्याला काढायचं तो काढतो, उरलेले घरी जातात. एक आठेक वर्षांचा मुलगा होता, टोटोरो बघून गेला, चकार शब्द नाही. तीन आठवड्यांनी वॉचमनने मला बोलावलं की तुमचा तो पोरगा बागेत काहीतरी करतोय. जाऊन बघते तर त्याने चिंचोके पेरले होते आणि त्याभोवती उकिडवा बसून छत्री खाली नेऊन मग जोर लावून वर करत होता, पिक्चरमध्ये रात्री टोटोरोबरोबर पोरी करतात तसं, रोपं उगवावीत म्हणून. वॉचमनकाका म्हणाले, "मॅडम, पाणी तरी घालायला सांगा." मुलीला काही विचारायचंच असेल तर तिला पोस्टर दाखवा. बसस्टॉपवर टोटोरोशेजारी एकच मुलगी उभी आहे, ती सात्सुकी पण नाही आणि मेई पण नाही, दोघींची मिळून झालेली आहे, कारण सुरुवातीला गोष्टीत एकच मुलगी होती, मग तिच्या एकटीच्या जागी या दोघी बहिणी केल्या. दोघींची नावं पण एकच, दोन्हींचा अर्थ मे महिना. नऊ वर्षांच्या मुलांना असलं काही सापडलं की ती स्वतः परत पिक्चर लावतात.

तर या शनिवारी पोन्यो, आणि टोटोरो जूनमध्ये परत. रात्री नको, दुपारी चारच्या सुमाराला, खिडकी अर्धी उघडी, मोबाईल दुसऱ्या खोलीत. 86 मिनिटांचाच आहे, मध्ये थांबवू नका, मुलगा उठला तर उठू दे, परत येईल तेव्हा मागचं सांगत बसू नका. शेवटी मेई आईला द्यायला मक्याचं कणीस छातीशी धरून एकटीच चालत निघते आणि हरवते, तिथे तुमचा मुलगा सोफ्यामागून पुढे येईल असा माझा अंदाज आहे. कणसं आधीच आणून ठेवा, पिक्चर संपला की मागतात, आणि तेव्हा बाजारात जायला कोणीच तयार नसतं.